जोमाच्या नावाखालची ओळ

"काका, पणजोबाबद्दल आत्या नक्की काय सांगायची?" असं हरेशने फोनवर विचारलं, तेव्हा मी गॅसवर चहा ठेवला होता. हरेश म्हणजे माझ्या बायकोच्या भावाचा मुलगा. आपट्याला असतो, त्याचे खडीचे डंपर आहेत. माझी बायको रंभा जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून लोक तिच्याबद्दल 'आत्या असती तर' किंवा 'आत्या गेली तेव्हा' असंच बोलतात. ती काय सांगायची, असं मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, थांब, गॅस बंद करतो. उठून ओट्याजवळ गेलो आणि तिथे नुसता उभा राहिलो. चहा वर आला, उतू गेला, बर्नर विझला. वास यायला लागला तेव्हा कुठे बटण फिरवलं. फोनमध्ये हरेशचं हॅलो हॅलो चालूच होतं.

"गावात कमान बांधतोय ना आमी," तो सांगत होता, "पयल्या महायुद्धाला आपट्यातून जे गेले नि परत नाय आले, त्यांची नावं टाकायची हायत. पणजा हाय त्यात, जोमा. पण घोळ झालाय. समितीवर तो इंद्रजीत सुभेदार हाय, मिलिटरीतून रिटायर झालेला, त्याने विलायतेतून माहिती काढली. पणजाला शत्रूने नाय मारला. आपल्याच फौजेने मारला. कोर्ट मार्शल करून गोळी घातली, एकोणीसशे सोळा साली, तिकडे इराकात." "कशासाठी?" मी विचारलं. "तेच तर! शिक्षा लिवलीय, गुन्हा नाय लिवलेला. खटल्याचे कागदच उरले नाय, म्हणे. आता प्रत्येक नावाखाली एक ओळ हाय, कुठे मेला, कसा मेला. सुभेदार म्हणतो, गुन्हा कळल्याशिवाय नाव टाकू देणार नाय. पणजीकडून आत्यानेच ऐकलेलं. ती तर गेली. आता तुमीच सांगायचं. रविवारी माझ्या ओटीवर मीटिंग हाय." मग जरा थांबून हलक्या आवाजात म्हणाला, "आणि काका, जरा चांगलं सांगा."

फोन ठेवल्यावर मी खिडक्या उघडल्या, गॅसचं बटण परत तपासलं, मग पुन्हा एकदा तपासलं. एवढं घाबरायचं काय कारण, हे मला कळत नव्हतं. जोमाला मी पाहिलेलं नाही, माझ्या बापानेही पाहिलेलं नाही. तो रंभाचा आजा. लढाईला गेला तेव्हा चोवीस-पंचवीसचा होता, घरी तान्हा मुलगा होता, तो पुढे माझा सासरा झाला. एवढं पक्कं. पण रंभा काय सांगायची, याचं उत्तर मला देता येत नव्हतं. तिने सांगितलंच नव्हतं, असं नाही. ती दरवर्षी सांगायची. आणि दरवर्षी वेगळं सांगायची.

पितृपक्षात माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याचं पान वाढतात. तिथी ठाऊक नसली तर अमावास्या. हत्याराने मेलेल्यांची मात्र चतुर्दशी. माझे मेहुणे, म्हणजे हरेशचे वडील, जोमाचं अमावास्येलाच उरकायचे. चतुर्दशीला वाढलं की शेजारीपाजारी विचारणार, कुठल्या हत्याराने, कोणाच्या. रंभाला ते पटायचं नाही. खरं तर माहेरच्या पितरांचं पान मुलीने सासरी वाढायची पद्धत नाही. माझी आई असेपर्यंत कुरकुरायची, "आपले पितर काय कमी हायत, म्हणून ही तिकडचेपण घेऊन आली." रंभा ऐकून घ्यायची आणि चतुर्दशीला वडे, खीर, भोपळ्याची भाजी करून पान घेऊन बाहेर जायची. आधी गावच्या घरी कौलावर, मग नवीन पनवेलला आलो तेव्हा बिल्डिंगच्या गच्चीवर. कावळा येईपर्यंत आम्ही टाकीच्या सावलीत बसायचो आणि तेवढ्या वेळात ती जोमाचं सांगायची. कावळा शिवला की उठायची. गोष्ट अर्धी राहिली तर अर्धीच राहायची, पुढच्या वर्षी ती तिथून सुरू करायची नाही. मी रसायनीच्या कंपनीत बॉयलरवर होतो, त्या दिवशी मुद्दाम सेकंड शिफ्ट मागून घ्यायचो. मला वाटतं, मी गोष्टीपेक्षा तिच्याकडे जास्त बघायचो. बोलताना ती साडीच्या पदराने पानावरच्या माश्या हाकलायची.

आमची पूर्वी, म्हणजे मुलगी, लहान होती, रात्रभर रडायची, त्या दिवसांत रंभा सांगायची की जोमा झोपला. फौजेला नदीच्या वळणावर तुर्कांनी घेरलं होतं. दिवसभर चिखलात खणायचं आणि रात्री पहारा, पोटात काही नाही. तिसऱ्या रात्री तो उभ्याउभ्या झोपला. गोऱ्या साहेबाने येऊन त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली तरी त्याला जाग आली नाही. जाग आली तेव्हा हात बांधलेले होते. हे सांगताना रंभाचे स्वतःचे डोळे मिटत असायचे. मग ज्या वर्षी उरणकडे जमिनीच्या आंदोलनात गोळीबार झाला, त्या वर्षीच्या चतुर्दशीला तिने वेगळंच सांगितलं. नदीवर पाणी भरायला तिथल्या बाया यायच्या. हुकूम सुटला की काठावर दिसेल त्याला गोळी घाला. जोमाने बंदूक खाली ठेवली. साहेबाने तीनदा हुकूम दिला, त्याने तीनदा ऐकला आणि तो तसाच उभा राहिला. मी विचारलं, अगं, मागे तर झोपला म्हणालीस. ती म्हणाली, "झोपला असेल नंतर." मी हसलो. तीही हसली. त्या वेळी मला यात काही बिघडलं असं वाटलं नाही. आमच्याकडे कोण मागत होतं ते?

आता मागत होते. रविवारपर्यंत चार दिवस होते आणि माझं कशात लक्ष लागेना. भाजी आणायला गेलो आणि पिशवी दुकानातच विसरून आलो. पूर्वीला फोन केला, ती नाशिकला असते. ती म्हणाली, "बाबा, त्यात काय आठवायचंय? झोप लागली होती ना त्यांना. आई मला हेच सांगायची. मला रात्री जागून अभ्यास करायचा असला की म्हणायची, झोप गं, झोपेपायी माझा आजा गेला." मी विचारलं, पाणी भरणाऱ्या बायांचं नाही सांगितलं तुला? "कुठल्या बाया?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवताय ना नीट?" फोन ठेवल्यावर मला वाटलं, बरं झालं, हिच्याकडे एक आहे. आणि लगेच वाटलं, हिच्याकडे एकच आहे. बाकीची माझ्याकडे आहेत, आणि मी एकाहत्तरचा आहे, परवाच बँकेत सही करताना हात थांबला होता.

शनिवारी मी बसून कोर्टाचा विचार करत होतो. टीव्ही चालू होता, आवाज बंद. जोमाचं कोर्ट कुठे भरलं असेल? तंबूत? टेबलामागे दोन-तीन साहेब. त्यांची भाषा याला येत नाही, याची त्यांना येत नाही. याला तर पुण्याकडची मराठीही धड येत नसणार, आपल्या गावातली 'आमी, तुमी' तेवढी. मग मधे कोणीतरी दुभाषी असणार. जोमा पाच वाक्यं बोलला असेल आणि दुभाष्याने एक सांगितलं असेल. साहेबांनी ते एक धरलं असेल. तो दुभाषी वाईट माणूस असेल असं नाही. त्याला घाई असेल, किंवा त्याला वाटलं असेल की हे वाक्य सांगितलं तर पोरगा वाचेल. त्या दुभाष्याला मी तोंड द्यायला लागलो, मिशी दिली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी त्याला माझंच तोंड देतोय. तिथून उठलो आणि तोंड धुतलं. रंभाचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे, त्याच्याकडे बघायचं टाळलं. ती हयात असती आणि तिला कोणी दरडावून विचारलं असतं की बाई, नक्की काय ते एकच सांगा, तर तिने काय सांगितलं असतं? मला वाटतं ती उठून आत गेली असती.

कारण तिसरं एक होतं. ते तिने गच्चीवर सांगितलं नव्हतं, चतुर्दशीलाही नाही. शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात, दुपारी जेवणाचे डबे गोळा करून गेल्यावर सांगितलं. सलाइन लावलेला हात उशीवर ठेवला होता. ती एकदम म्हणाली, "तो पळाला होता." मी विचारलं, कोण? "आजा. आजीला पनवेलच्या कमरुद्दीनने येऊन सांगितलं. तो तिकडे खेचरांच्या तुकडीत होता. गोळी घालायच्या आदल्या संध्याकाळी जोमाला पाणी पाजायला गेलेला, तेव्हा जोमाने त्याला सगळं सांगितलं." मी म्हटलं, मग ते झोपेचं? "ते माझं होतं," ती म्हणाली. मग हळूहळू, दम घेत तिने सांगितलं की जोमा छावणीतून निघाला आणि नदीच्या काठाने खाली खाली चालत गेला. पाताळगंगेच्या काठाने खाली गेलं की खाडी लागते, खाडी लागली की तरीची होडी मिळते, तसंच तिथेही असणार असं त्याला वाटलं. पुढे काठावर चिखलात रुतलेली एक होडी दिसली. ढकलून बघितली, हलेना. म्हणून तो आत बसला आणि भरतीची वाट बघत राहिला. आपट्याच्या कोणीही तेच केलं असतं. होडी चिखलात असली की कोणी ढकलत नाही, भरती आली की ती आपोआप उचलते. तो बसला. पाणी चढेना. समुद्र तिथून कितीतरी लांब होता, त्या नदीला तिथे भरती-ओहोटी नव्हतीच. उजाडल्यावर गस्तवाले आले, तेव्हा तो होडीत बसून पाण्याकडे बघत होता. मी म्हटलं, मग? "मग काय," रंभा म्हणाली, "पाणी आलं नाय." थोड्या वेळाने म्हणाली, "आपण कधी जायचं?" मी म्हटलं, डॉक्टर सोमवारी बघू म्हणालेत. तिने मान खिडकीकडे वळवली. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाइप दिसत होते. सोमवारी डॉक्टरांनी बघितलं आणि आणखी आठ दिवस ठेवायला सांगितलं. ते आठ दिवस काही पुरे झाले नाहीत.

रविवारी पनवेलच्या स्टँडवरून एसटी पकडली. कर्नाळ्याच्या वळणांवर बस हेलकावे खात होती आणि मी ओठ न हलवता वाक्यं म्हणून बघत होतो. तो पहाऱ्यावर झोपला. त्याने गोळी घातली नाही. तो पळाला. तिसरं म्हणताना प्रत्येक वेळी खिडकीबाहेर बघायचो. ते तर सांगायचंच नाही, हे ठरलं होतं. पळपुट्याचं नाव कमानीवर कोण टाकणार? आणि टाकलं नाही तर गाव म्हणणार, रंभाने जन्मभर चतुर्दशीला पान वाढलं ते एका पळपुट्याचं. राहिली दोन. फाट्यावर उतरलो तेव्हाही दोनच होती. हरेश मोटरसायकल घेऊन आला होता. "काका, त्या बायांचं सांगणार ना?" तो म्हणाला. म्हणजे ते त्याच्या कानावर कधीतरी गेलं होतं. "पेपरात येईल बघा. इंग्रजाचा हुकूम मोडला! आमदार स्वतः येईल उद्घाटनाला." मागे बसून मी त्याच्या खांद्याला धरलं होतं.

ओटीवर सात-आठ जण होते. खुर्च्या मांडलेल्या, मधे कमानीचा रंगीत कागद. इंद्रजीत सुभेदार सत्तरीचा, पाठ ताठ. मी मनात त्याच्याशी भांडत आलो होतो, पण तो माणूस सभ्य निघाला. उठून मला खुर्ची दिली, रंभाच्या आजाराची चौकशी केली. मग म्हणाला, "भाऊ, मी मुद्दाम कोणाचं नाव अडवत नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या तुकडीतली दोन पोरं गेली, वर बर्फात. हुकूम होता म्हणून थांबली, थांबली म्हणून गेली. त्यांच्या आयांना मी काय सांगू, की जो थांबला नाही त्याचंही नाव असंच लागतं?" हरेश म्हणाला, "साहेब, तिकडच्या सरकारने पण नंतर असल्या लोकांना माफी दिली, म्हणे." "दिली," सुभेदार म्हणाला. "नव्वद वर्षांनी. माफी दिली म्हणजे काय केलं होतं ते कळलं असं होत नाही." मग माझ्याकडे वळला. "हुकूम मोडला असेल तर मी नाही म्हणेन, आधीच सांगतो. सैनिकाने हुकूम मोडायचा नाही, मग तो कोणाचाही असो. बाकी काही असेल तर बघू. वहिनी काय सांगायच्या?"

आतल्या दाराच्या उंबऱ्यावर कमळाबाई बसली होती, रंभाची मोठी बहीण. ऐंशीच्या पुढची, कानाने पार गेलेली. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. ती सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. सुभेदार थांबला होता. हरेश डोळ्यांनी मला खुणावत होता. मला माझाच आवाज ऐकू आला, "पहाऱ्यावर झोप लागली. तीन रात्री जागलेला होता." बोलल्याबरोबर हरेशने मान खाली घातली. सुभेदाराने मात्र मोठा श्वास सोडला. "झोप," तो म्हणाला. "झोप माणसालाच लागते हो. मी स्वतः एकदा..." आणि थांबला. पेन काढून म्हणाला, "'पहाऱ्यावर असताना मृत्यू' असं लिहू. खोटंही नाही आणि कमीपणाही नाही. चालेल ना सगळ्यांना?" सगळ्यांना चाललं. कोणीतरी चहाची हाक दिली. लोक लगेच कमानीच्या रंगाबद्दल बोलायला लागले, भगवा की तिरंगी.

मला मोकळं वाटायला हवं होतं. नाव लागलं होतं. मी पायरीशी येऊन उभा राहिलो आणि सवयीने रंभाला मनात म्हटलं, बघ, झालं एकदाचं. आणि मग मला बायांची गोष्ट आठवावीशी वाटली, तिच्या आवाजात. कौलावरची चतुर्दशी आठवली, पदर आठवला, माश्या आठवल्या. तिचं तोंडही हललं. पण तिथून आवाज आला तो 'तिसऱ्या रात्री उभ्याउभ्या झोपला' एवढाच. पुन्हा प्रयत्न केला. दवाखान्याची खिडकी, पाइप, सलाइन. तीच ओळ. जणू मी तिला सांगितलं होतं की बाई, आता एवढंच बोलायचं. पायरीवर बसलो.

आत हरेशची बायको निशा कमळाबाईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती, "काका बोलले, झोपला! पहाऱ्यावर झोपला!" "कोण झोपला?" "अहो, तुमचा आजा!" "हात् मेले," कमळाबाई म्हणाली, "दुपारचा झोपतो तो हरेश. आजा कशाला झोपतोय?" ओटीवर हशा पिकला. ती भिंतीला धरून उठली आणि हळूहळू माझ्यापर्यंत आली. माझ्या शेजारी बसायला तिला वेळ लागला. बहिऱ्या माणसांसारखं ती मोठ्याने बोलेल असं वाटलं होतं, पण ती हळू बोलली. "भावजी, होडीचं नाय सांगितलं तुमी?" म्हणजे हिलाही ठाऊक होतं. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "सांगितलं असतं तर नाव गेलं असतं." ती म्हणाली, "नाव त्यांना पायजेल. आजीला काय करायचं व्हतं नावाला? तिला लोक सांगायचे, तुजा नवरा मेला, तुजा नवरा मारला. ती बोलायची, मेला ते मेला, पण निघाला व्हता ना. घरला यायला निघाला व्हता. तेवढ्यावर बाईने जल्म काढला, भावजी." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पण तो उठायला आधार म्हणून ठेवला होता. "रंभाला ठाव व्हतं ते," एवढं बोलून ती आत गेली.

मी किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. चहा कोणीतरी शेजारी ठेवून गेलं, त्यावर साय धरली. आपण कधी जायचं, असं तिने विचारलं होतं. मी डॉक्टरांचं सांगितलं होतं. उठलो.

ओटीवर तिरंगी ठरत आला होता. मी म्हटलं, "सुभेदार, थांबा जरा. मी चुकीचं सांगितलं." हरेश म्हणाला, "काका, बसा तुमी, चक्कर येतेय काय?" मी बसलो नाही. होडीचं सांगितलं. मला नीट जमलं नाही, मधेच कमरुद्दीन आला, मधेच नदीचं नाव आठवेना. चिखलात रुतलेली होडी आणि भरतीची वाट, एवढं मात्र सांगून झालं. कोपऱ्यातला एक म्हातारा, जन्मभर मासे मारलेला, तोंडातल्या तोंडात म्हणाला, "अरे देवा, तिथं कुठली भरती!" हरेशने कपाळाला हात लावला. सुभेदाराने हातातलं पेन टोपण लावून कागदावर आडवं ठेवलं. तो माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, पण सोडणारही नव्हता.

"म्हणजे पळालाच ना मग?" तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "इकडेच येत होता."